खाडाखोड

आमच्या थोरल्या मुलीचें लग्न ठरलें त्याच आठवड्यांत घरांत निमंत्रणांची यादी करण्याचें काम सुरू झालें. ज्यांनीं हें काम केलें असेल त्यांना मीं कांहीं सांगावयास नको. ज्यांनीं केलें नसेल त्यांनीं एवढेंच समजावें कीं, कार्यालय मिळविणें, आचारी ठरविणें आणि विहीणबाईंची मर्जी राखणें हीं तिन्ही कामें एकत्र केलीं तरी तीं यादीच्या मानानें सोपींच आहेत. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं माझी पत्नी वही घेऊन सतरंजीवर बसे. ती नांव वाची, मी 'होय' किंवा 'नको' म्हणें, आणि आमच्या मातोश्री आरामखुर्चींतून मध्येंच एखादें नवें नांव सुचवीत. "अग, सिन्नरच्या वन्संना घातलेंस का?" असें त्यांनीं विचारलें कीं पत्नी दोन पानें मागें उलटी, तेथें सिन्नरचें नांव घाली, त्याच वेळीं जवळचें एखादें खोडून टाकी, आणि पुढें येऊन विचारी, "आपण कोठपर्यंत आलों होतों?" या प्रश्नाला तिघांचीं तीन उत्तरें येत.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. दोन घरीं पत्रिका दोनदां गेली, आणि माझ्या एका मावसभावाकडे ती गेलीच नाहीं. मनुष्य मोठा सज्जन. त्यानें त्याबद्दल आजतागायत एक शब्दहि काढलेला नाहीं. मात्र दर संक्रांतीला त्याच्याकडून येणारा तिळगूळ त्या वर्षापासून यावयाचा थांबला.

या चुकीची मला इतरांहून अधिक लाज वाटली, आणि तिला कारण होतें. यादी वाचीत असतांना ती बदलूं नये, हा धडा मीं त्यापूर्वीं दोनच वर्षें एका यंत्रापाशीं शिकलों होतों. आणि त्याची किंमत मीं नव्हे, दुसऱ्याच कोणीं दिली होती. ती हकीकत मीं आजवर कोणाला लिहून सांगितलेली नाहीं.

मी नाशिकच्या एका कॉलेजांत गणिताचा अध्यापक आहें. तरुणपणीं कलनशास्त्र शिकवावें आणि संध्याकाळीं गंगेवर फिरावयास जावें, एवढाच माझा व्यवसाय होता. (नाशिककरांना गोदावरीला गंगा म्हणण्याची संवय आहे, परगांवच्या वाचकांनीं घोटाळ्यांत पडूं नये.) पुढें कॉलेजांत संगणकशास्त्राचे वर्ग निघाले, आणि ज्याला त्रिकोणमिति येते त्याला हेंहि येईल अशा समजुतीनें तें काम माझ्याकडे आलें. चाळिशी उलटल्यावर मीं 'जावा' नांवाची यंत्रभाषा शिकलों. नवी भाषा शिकणाऱ्या मनुष्याला ती वाटेल तेथें बोलून दाखविण्याची जी हौस असते, ती मलाहि जडली.

आमच्याकडे गरजू विद्यार्थ्यांची फी भरण्यासाठीं एक लहानसा निधि आहे. त्याची व्यवस्था त्या वर्षीं मजकडे होती. अर्ज आले त्रेसष्ट. आजवर हें काम वहींत होत असे. मीं तें यंत्राकडून करून घ्यावयाचें ठरविलें, आणि त्यासाठीं एक 'मॅप' तयार केला.

मॅप म्हणजे येथें नकाशा नव्हे. आपल्या वाण्याची उधारीची वही डोळ्यांपुढें आणावी. गिऱ्हाइकाचें नांव ही चावी, आणि नांवापुढची बाकी ही नोंद. चावी दिली कीं नोंद हातीं येते. जावांतील 'हॅशमॅप' यापुढें एक युक्ति करतो. चावीवर कांहीं अंकगणित करून ती नोंद कोणत्या कप्प्यांत ठेवावयाची हें तो ठरवितो, म्हणजे शोधतांना सारी वही चाळावी लागत नाहीं. आरंभीं असे सोळा कप्पे असतात. त्यांत बाराहून अधिक नोंदी झाल्या कीं तो कप्पे दुप्पट करतो आणि सर्व नोंदी नव्यानें वांटून ठेवतो. घर बदलल्यावर गृहिणी डबे नव्या फळ्यांवर लावते, तसाच हा प्रकार.

आतां अशा संग्रहांतील प्रत्येक नोंद एकेक करून पाहावयाची असेल तर जावा आपल्याला एक 'इटरेटर' देते. मी त्याला वर्गांत 'बोट' म्हणतों. लहान मूल धड्यावरून बोट फिरवीत वाचतें, तसें हें बोट एका नोंदीवरून दुसरीकडे जातें. माझा बेत साधा होता. बोटानें नोंद दाखवावी. कागदपत्रें अपुरीं असतील तर ती नोंद खोडावी. पुरीं असतील तर तिच्या नांवें फीचा हुकूम लिहावा आणि पुढें चालावें.

यंत्र सुरू केलें. कांहीं नांवें नीट गेलीं, एक नांव खोडलें गेलें, आणि तत्क्षणीं पडद्यावर तांबड्या अक्षरांत एक लांबलचक तक्रार उमटून सारें काम थांबलें. तिचें नांव 'कॉन्करन्ट मॉडिफिकेशन एक्सेप्शन'. मराठींत सांगावयाचें तर 'एकाच वेळीं दोघांनीं फेरफार केल्याची आपत्ति'. मी चकित झालों. खोलींत मी एकटा, यंत्र एक, यादी एक. हा दुसरा कोण?

दुसरा मीच होतों. वाचणारा मी आणि खोडणारा मी, असे आम्ही दोघे एकाच यादीवर बसलों होतों, आणि एकाची दुसऱ्याला वार्ता नव्हती. हॅशमॅप आपल्यापाशीं एक आंकडा बाळगतो. नवी नोंद आली किंवा असलेली गेली कीं हा आंकडा एकानें वाढतो. बोट वाचावयास निघतें त्या वेळीं तो आंकडा टिपून घेतें, आणि पुढच्या नोंदीकडे जातांना दर वेळीं ताडून पाहतें. जुळला नाहीं, कीं तें तेथेंच हटून बसतें: "माझ्यामागें कोणी यादी बदलली आहे, कप्पे जेथल्या तेथें आहेत कीं नाहींत याची मला खात्री नाहीं, मी पुढें जाणार नाहीं." असलेल्या चावीपुढची नोंद नुसती दुरुस्त केली तर त्याची हरकत नसते. पत्रिकेवरचा पत्ता सुधारला म्हणून पाहुण्यांची संख्या बदलत नाहीं, तसेंच हें.

ही व्यवस्था मोठ्या विचारानें केलेली आहे. १९९८ सालीं जावाची १.२ ही आवृत्ति निघाली, तींत जोशुआ ब्लॉक या संगणकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं अशा संग्रहांची सबंध चौकट आंखली गेली. त्यापूर्वींच्या 'हॅशटेबल'ला जी जुन्या पद्धतीची मोजणी होती तिला असा इशारा देतां येत नसे. नव्या चौकटींतलें तत्त्व असें कीं, पुढें केव्हां तरी चुकीचें उत्तर देण्यापेक्षां आतांच मोठ्यानें ओरडून थांबावें. 'पायथन' नांवाच्या दुसऱ्या लोकप्रिय भाषेंतहि फिरतांना कोशाचा आकार बदलला कीं अशीच ओरड होते. अर्थात् हा पहारेकरी सर्वज्ञ नव्हे. फेरींतील अगदीं शेवटची नोंद वाचून झाल्यावर ती खोडली, तर बोटाला पुढें जावयाचेंच नसतें, म्हणून ताडून पाहण्याचा प्रसंग येत नाहीं आणि तक्रारहि होत नाहीं. इशारा दर वेळीं मिळेलच, अशी हमी जावाचे कर्तेहि देत नाहींत.

हें सारें आज मी शांतपणें लिहीत आहें. त्या दिवशीं मात्र मला त्या तांबड्या अक्षरांचा राग आला. पन्नाशीच्या घरांतल्या अध्यापकाला कोणी चूक दाखविलेली खपत नाहीं. यंत्रानें दाखविलेली तर मुळींच नाहीं. मीं मॅपमधील सर्व चाव्या काढून त्यांची एक सरळ यादी केली, तिला एक-दोन-तीन असे क्रमांक दिले, आणि बोटाला रजा देऊन क्रमांकांनींच यादींतून फिरूं लागलों. खोडणें अर्थात् चालूच होतें. या वेळीं यंत्र एक अक्षर बोललें नाहीं. अखेरीस यादींत साठ नांवें राहिलीं. त्रेसष्टांतून तीन वजा, साठ. हिशेब बरोबर! मीं ती यादी छापली, फलकावर लावली, आणि हुकूम कचेरींत पाठवून दिले.

चूक कोठें झाली हें वाचकांनीं स्वतः करून पाहावें. कागदावर दहा नांवें ओळीनें मांडा. सातवें खोडा, आणि खालचीं नांवें एकेक ओळ वर सरकवा. आतां आठवें नांव सातव्या जागीं आलें. परंतु आपला क्रमांक सातावरून आठावर गेलेला आहे; म्हणजे आपण जें वाचणार तें मूळचें नववें. मूळचें आठवें आपल्या डोळ्यांखालून गेलेंच नाहीं. तें यादींत आहे, मोजणींत आहे, फलकावर आहे. फक्त त्याच्याकडे कोणीं पाहिलेलें नाहीं. मीं तीन नांवें खोडलीं, आणि त्या प्रत्येकाच्या पाठीमागचा एक विद्यार्थी असा सुटला. यादी साठांची झाली आणि हुकूम सत्तावन्नांचे निघाले. मीं यादी मोजली. हुकूम मोजले नाहींत.

मार्चमध्यें निधीचा हिशेब करतांना तीन फियांची रक्कम शिल्लक दिसली, तेव्हां हें उघडकीस आलें. तिघांपैकीं दोघांनीं उसनवारी करून फी भरली होती. त्यांचे पैसे त्याच दिवशीं परत केले. तिसरी एक मुलगी होती, सुरगाणा तालुक्यांतली. ती दिवाळीनंतर कॉलेजांत आलीच नव्हती.

मी एस्टीनें तिच्या गांवीं गेलों. माझ्याबरोबर पत्र होतें, पैसे होते, आणि वाटेंत जुळविलेलीं पुष्कळ वाक्यें होतीं. तिच्या वडिलांनीं मला खाटेवर बसविलें, पाणी दिलें, आणि एवढ्या लांब सर आले म्हणून ते संकोचून उभेच राहिले. मुलगी आंतून बाहेर आली. "तूं मला येऊन विचारलें कां नाहींस?" असें मीं तिला म्हटलें, आणि म्हणतां म्हणतांच मला कळलें कीं, हा प्रश्न विचारण्याचा मला कांहीं अधिकार नाहीं.

ती म्हणाली, "सर, माझं नाव यादीत होतं ना. म्हणून मी वाट पाहिली."

जून महिन्यांत ती परत आली, आणि पुढें तिनें पदवीहि घेतली. परंतु तिचें एक वर्ष गेलें, आणि तें परत करण्याची सोय कोणत्याहि निधींत नाहीं. ज्या यंत्राच्या ओरडण्याचा मला राग आला होता, त्यानें पहिल्या वेळीं एकाचेंहि नुकसान होऊं दिलें नव्हतें. मीं त्याचें तोंड बंद केलें, आणि मग तें मुकाट्यानें माझ्या सांगण्याप्रमाणें वागलें.

सुरगाण्याहून परत आलों त्या रात्रीं मीं पत्नीला सर्व सांगितलें. ती शाळेंत शिक्षिका आहे. जावाचें नांव तिनें माझ्याच तोंडून ऐकलेलें. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाली, "अहो, मग आम्ही जनगणनेला करत होतों तसं का नाही केलंत?"

२०११ च्या जनगणनेंत तिला प्रगणक म्हणून पंचवटींतील एक भाग मिळाला होता. गणना ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत चालली. वीस दिवस घरोघर फिरावयाचें, आणि त्या वीस दिवसांत माणसें जन्मत राहणार, मरत राहणार. कोणाला मोजावें? त्यासाठीं सरकारनें एक क्षण ठरवून दिला होता: १ मार्च २०११ च्या आरंभींची मध्यरात्र. सारी मोजणी त्या एका क्षणाची. आधीं घरें क्रमानें मोजून व्हावयाचीं. मग १ ते ५ मार्च या पांच दिवसांत पुनः त्याच घरीं जाऊन विचारावयाचें: मधल्या काळांत, त्या मध्यरात्रीपूर्वीं, कोणी जन्मलें का, कोणी गेलें का? आणि तेवढीच दुरुस्ती करावयाची. ज्यांना घर नाहीं त्यांची नोंद २८ फेब्रुवारीच्या रात्रींच, एका दमांत. मला आठवतें, त्या रात्रीं ती शाल गुंडाळून रामकुंडाच्या बाजूला गेली होती आणि मी सोबतीला होतों. घाटावर झोपलेल्या एका म्हातारीनें विचारलें, "माझं नाव कशाला पाहिजे?" तेव्हां पत्नी म्हणाली होती, "तुम्ही आहात म्हणून."

"आधी मोजावं, मग फिरून यावं," पत्नी म्हणाली. "चालता चालता खोडत गेलं तर घर चुकतंच."

दुसऱ्या दिवशीं मीं पुस्तकें उघडलीं. तज्ज्ञांनीं सांगितलेले उपाय मुळांत तेच निघाले. खोडावयाचीं नांवें एका वेगळ्या कागदावर टिपून ठेवावीं आणि फेरी पुरी झाल्यावर एकदम खोडावीं, हा पहिला उपाय. मूळ यादीची नक्कल करून नक्कल वाचावी आणि मूळ बदलावी, हा दुसरा. याला जागा अधिक लागते, पण मनाला स्वस्थता असते. तिसरा मला विशेष आवडतो: खोडण्याचें काम बोटालाच सांगावें. इटरेटरला स्वतःची 'रिमूव्ह' नांवाची क्रिया आहे. तो ज्या नोंदीवर उभा आहे ती त्यानेंच काढली, तर आपण कोठें आहों हें त्याला ठाऊक असतें आणि टिपलेला आंकडाहि तो सुधारून घेतो. वाचणारा आणि खोडणारा एकच झाला कीं तंटा मिटतो. २०१४ सालीं निघालेल्या जावाच्या आठव्या आवृत्तींत तर 'अशा अशा नोंदी काढून टाक' एवढें एका ओळींत सांगण्याची सोय झाली. फिरण्याची दगदग यंत्र आपल्या आपण करतें.

पण जेथें खरोखरच अनेक जण एकाच वेळीं लिहिणारे असतात, जेथें यादी क्षणभरहि थांबवितां येत नाहीं, तेथें काय करावें? त्यासाठीं २००४ सालच्या जावाच्या पांचव्या आवृत्तींत 'कॉन्करन्ट हॅशमॅप' आला. त्याचे मुख्य कर्ते डग ली हे न्यूयॉर्क राज्यांतील ऑस्वीगो येथें प्राध्यापक होते, याचा मला व्यवसायबंधु म्हणून थोडा अभिमान वाटतो. या मॅपचें बोट कधींच ओरडत नाहीं. मात्र त्याचें वचनहि मर्यादित आहे: तुम्ही निघालां तेव्हां जें होतें तें मी दाखवीन; तुम्ही निघाल्यावर जें आलें किंवा गेलें, तें दिसेल किंवा दिसणारहि नाहीं. २०१५ च्या सिंहस्थांत मी होळकर पुलावर उभा राहून रामकुंडाकडे पाहत होतों, तेव्हां मला हेंच वचन आठवलें. एक लाट स्नान करून निघते तों दुसरी उतरते. 'आतां येथें किती माणसें आहेत?' या प्रश्नाला तेथें नेमकें उत्तर नाहीं. पाहतां पाहतां तें जुनें होतें. गर्दीच्या अंदाजाला एवढी अपुरी ग्वाही पुरते. फीच्या यादीला ती पुरत नाहीं. कोठें कोणती ग्वाही पुरेल हें ओळखणें यंत्राच्या हातीं नाहीं. तें आपलें काम आहे.

इतकें सर्व समजल्यावरहि, दोन वर्षांनीं त्याच घरांत, त्याच पत्नीसह बसून मीं लग्नाची यादी वाचतां वाचतां खोडली, आणि मावसभाऊ गमावला. ज्ञान आणि संवय यांची ओळख करून देणें किती अवघड असतें, हें गणिताच्या अध्यापकाला तरी निराळें सांगावयास नको.

गेल्या वर्षीं आमच्या मातोश्री वारल्या. त्या रात्रीं कळवावयाच्या लोकांसाठीं पत्नीनें लग्नाचीच वही काढली. पानापानावर खाडाखोड होती, आणि मातोश्रींनीं सुचविलेलीं नांवें समासांत कोठें तरी तिरपीं लिहिलेलीं होतीं. या खेपेस मीं पेन्सिल हातांत घेतली नाहीं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारी वही एकदां नुसती वाचली, आणि मग एका कोऱ्या कागदावर, वहींत नसलेलें एक नांव सर्वांत वर लिहिलें. पहिला फोन मावसभावाला केला. तो पहांटेच्या गाडीनें आला.

अस्थि घेऊन आम्ही दोघे रामकुंडावर गेलों. आमचें मूळ गांव खानदेशांतलें. तेव्हां उपाध्यायांनीं गांव आणि आडनांव विचारलें आणि आंत जाऊन लांबट, जाड वही घेऊन आले. गांव ही चावी, कुळ ही नोंद. माझ्या जन्मापूर्वीं किती तरी वर्षें नाशकांत हा मॅप चालूं होता! आमचें पान निघालें. त्यावर आजोबांचें मोडी वळणाचें अक्षर होतें, वडिलांची सही होती, आणि वडिलांच्या नांवाखालीं कुटुंब म्हणून मातोश्रींचें नांव होतें. मी पेन घेऊन त्या नांवावर थबकलों. माझ्या मनांत काय आलें तें उपाध्यायांनीं ओळखलें असावें.

"तें खोडायचं नसतं," ते म्हणाले. "खाली लिहा. आज कोण आलं, कशासाठी आलं, तेवढंच."

मीं तिथि लिहिली, मातोश्रींचें नांव लिहिलें, आपलें लिहिलें. मग पेन मावसभावाकडे केला. "मी तुमच्या कुळातला नाही रे," तो म्हणाला. मी म्हटलें, "लिही. आज आलास ना?"

त्यानें माझ्या नांवाखालीं आपलें नांव लिहिलें. यंदाच्या संक्रांतीला त्याच्याकडून तिळगुळाचा डबा आला.